दुधाची गुहा

"मरीयेच्या दुधाचा थेंब सांडला आणि हा खडक पांढरा झाला, असं मानतात," बेथलेहेमच्या गुहेत गाईड सांगत होता. "अंगावर दूध यावं म्हणून बायका इथं प्रार्थना करतात."

मी उलटंच मागितलं. नगरला सासूबाईंजवळ ठेवलेलं माझं बाळ बाटली तोंडात धरत नव्हतं. आजही धरली नाही, तर इथलं शिक्षण सोडून मी परत जाणार होते.

वर्गातली मुलं फोटो काढत राहिली. मी बाहेर आले, तोच सासूबाईंचा फोन आला.

"घेतली गं एकदाची! सगळी संपवून वर ढेकर दिली लबाडानं. आता रडत बसू नकोस, अभ्यास कर."

"बरं झालं, आई," मी म्हणाले. मनापासूनच म्हणाले. मग बसमध्ये जाऊन बसले आणि छातीवर ओला झालेला कुडता ओढणीनं झाकून घेतला.