मशेरीची चिमूट

ते साल दोन हजार एकोणीस. हवा लागताच पेट घेणाऱ्या लोखंडाच्या बारीक पुडीतल्या कणाकणावर माझ्या संशोधक नातीने, गौरजाने, डोळ्यांना न दिसणारा लेप चढवला होता. देवबागच्या खाऱ्या हवेत तो टिकतो का, हे पाहायला तिने थोडी काळी पूड खिडकीत उघडी ठेवली. माझ्या धाकट्या जावेने, विमलाने, ती मशेरी समजून दातांना लावली.

गौरजा किंचाळली, "आजये, घासू नको! लेप निघालो तर तोंडात पेटतली ती! चूळ पण भरू नको!"

"मगे काय गिळू?" विमला जागच्या जागी थिजली.

गौरजाने खोबरेल लावलेल्या कापसाने तिचा एकेक दात पुसला. लेप टिकला.

गौरजा आता परदेशात असते. मी मशेरी सोडली. विमला अजून लावते. पण आधी चिमूटभर अंगणात टाकते आणि दाराआडून बघत राहते.