गळलेला काना

"'येणारा' म्हणजे नक्की कोण, ते एकदा ठरवून टाका, काका," खिळा फोनवर म्हणाला. "दारातून डोकावणारा, की आत येऊन बसणारा?"

काका म्हणजे मंचाचे चिटणीस. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. शब्दकोडी सोडवणाऱ्यांचा 'आडवे-उभे' हा ऑनलाइन मंच त्यांनीच काढला, त्याची घटनाही त्यांनीच लिहिली. यंत्राची बाजू खिळा सांभाळायचा. तिथे सगळेच टोपणनावानं वावरत.

घटनेतलं कलम चार असं होतं : 'मंचावर नियमित येणारा तो सभासद.' सहा वर्षं या वाक्यानं कुणाला त्रास दिला नव्हता. आता निवडणूक आली, मतदारयादी करायला घेतली, आणि दोनशे अकरा नावांत एक नाव असं निघालं, की त्याच्या खात्यावर एक अक्षर नाही. नाव कासव. सहा वर्षांत लिखाण शून्य. गैरहजेरीही शून्य.

"रोज येतो, दहा मिनिटं थांबतो, जातो," खिळा म्हणाला. "कोड्याला हात लावत नाही. नुसतं तुमचं टिपण वाचतो."

रोज बरोबर चार वाजता चिटणीस नवं कोडं टाकत आणि त्याखाली एक टिपण लिहीत. छापखान्यातल्या गमती, दुखरा गुडघा, लग्नानंतरची ती एकाच खुर्चीची खोली. समोर माणूस असला की त्यांना दोन वाक्यं धड जमत नसत. पडद्यावर मात्र दोनशे दहा जणांपुढे मन मोकळं होई.

कासव कोण, हे त्यांनी मनोमन केव्हाच ठरवलं होतं. जुळारी. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा त्यांचा एकुलता एक मित्र. कानामात्रा गाळण्यात पटाईत. एकदा पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच काना गळला. मालकांनी विचारलं तेव्हा चिटणिसांनी जुळाऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटच्या मुद्रितावर सही स्वतःची होती, ते सांगायचं राहून गेलं. जुळाऱ्याची नोकरी गेली. जाताना तो एक शब्द बोलला नाही.

सहा वर्षं रोज येऊन न बोलणारा दुसरा कोण असणार? त्यानं नुसतं नाव सांगितलं, तर माफी मागता येणार होती.

म्हणून त्यांनी कलम घट्ट केलं. 'येणारा म्हणजे लिहिणारा. ज्याचं वर्षभरात एकही लिखाण नाही, त्याने पंधरा दिवसांत नावानिशी खुलासा करावा. अन्यथा सभासदत्व संपेल व मंच उघडता येणार नाही.'

"'लिहिणारा'च ठेवू?" खिळ्यानं विचारलं. "बायकाही आहेत मंचावर."

"नियमाच्या पुल्लिंगात सगळे मावतात."

"मावतात, की कोंबताय?"

चिटणिसांनी फोन ठेवला. पत्नीनं चहा आणला होता. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"चारचा चहा चारला का होत नाही गं कधी?"

"हातात काम होतं," ती म्हणाली, आणि गरम पाण्याची पिशवी त्यांच्या गुडघ्याशी ठेवून गेली. त्यांनी मागितली नव्हती.

नवव्या दिवशी कासवाचा खुलासा आला. नाव नव्हतं. पहिल्याच वाक्यात काना गळला होता. चिटणिसांनी चष्मा काढून पुसला. तोच. अजून सुधारला नाही गडी. त्यांनी काना जागेवर बसवला आणि खुलासा सगळ्यांना दिसेल असा लावला :

'मी रोज वाचत होतो. लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. नुसतं वाचलं तर राहता येईल का?'

चिटणिसांनी खाली उत्तर लिहिलं : 'नुसतं वाचून चालणार नाही. तुम्ही फक्त नाव लिहा. पुढचं मी बोलतो.'

रोज सकाळी उठून ते आधी मंच उघडत. कासव येऊन गेल्याची नोंद असे. नाव नसे.

सोळाव्या दिवशी खिळ्याचा फोन आला. "काढू का, काका? मला विचाराल तर राहू दे बिचाऱ्याला. जागा थोडीच अडवतोय."

चिटणिसांनी खुलाशाखाली नाव आलंय का, ते शेवटचं पाहिलं. "त्याला सवलत दिली, तर उरलेल्यांनी नियम का पाळावा? काढा."

"काढलं."

एकाच माणसाला आपण दुसऱ्यांदा बाहेर घालवलं, असं त्यांना वाटत राहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पत्नीनं आग्रह केला नाही. तीही जेवली नव्हती, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टिपणात एकच ओळ लिहिली : 'आज एक वाचणारा कमी आहे, आणि चूक माझी आहे.' चार वाजता ते टाकलं, तेवढ्यात फोन वाजला.

"काका, जुनी नोंद बघत होतो," खिळा म्हणाला. "कासवाच्या मूळ खुलाशात 'वाचत होते' असं होतं. 'होतो' तुम्ही केलंत?"

"काना गळला होता."

"गळला होता होय? मला आपलं वाटलं, कुणी बाई असतील."

चिटणिसांच्या हातातला फोन तसाच राहिला. समोर कपबशी वाजली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून अजून मिनिटही उलटलं नव्हतं.

"आज वेळेवर?" त्यांनी विचारलं.

"हो," पत्नी म्हणाली. "आता चारला हातात काम नसतं."