देऊचं दिव्य

"ठेव पाय. खरा असशील तर देव राखील," सासरा जनू म्हणाला.

देऊने खाली पाहिलं. सासूने चुलीतले निखारे आणून अंगणात पसरले होते. खैराचे निखारे. वरून राख धरलेली, आत लालभडक. देऊची पाचावर धारण बसली.

वांगणीच्या डोंगरातलं हे येसूचं, त्याच्या बायकोचं, माहेर. महिन्यापूर्वी ती उल्हासनगर सोडून इथे निघून आली होती. गेलं वर्षभर नवऱ्याने तिला जवळ घेतलं नव्हतं. आधी कामाचा शीण म्हणाला, मग उकाडा म्हणाला, मग वेगळं अंथरूण टाकू लागला. तो उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या कारखान्यात जीन्स शिवायचा. तिथे धागे कापायला बायका बसतात, हे येसूला ठाऊक होतं. तिने काय समजायचं ते समजून घेतलं. आज देऊ तिला न्यायला आला, तर सासऱ्याने घरची जुनी रीत काढली. बाहेर बाई नाही, अशी शपथ निखाऱ्यांवर उभं राहून घ्यायची. चटका बसला नाही तर बायको न्यायची.

"कॅम्पातला मानूस हाय, बा. बूट घालूनच दिव्य करील," मेहुणा सोनू हसला.

येसू हसली नाही. खांबाला धरून उभी राहिली.

देऊ खरा होता. बाहेर कुणी बाई नव्हती. पण विस्तवाला काय कळतं खरं-खोटं? ओरडलो की संपलं. आणि खरं कारण सासऱ्यापुढे सांगायचं कसं? शुगरच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. त्यांनी आपणहून विचारलं होतं, "शुगर वाढती राहिली की पायाच्या नसा मरतात. पुरुषाच्या त्या नसाही मरतात, मग अंथरुणात जमत नाही. औषधं आहेत त्यावर. तसं काही होतं का तुम्हाला?" मागे रांग उभी होती. देऊ म्हणाला होता, "छे हो, तसलं काही नाही." कुणाची नजर लागली असेल, दिवस फिरले की होईल पहिल्यासारखं, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

त्याने चपला काढल्या. डोळे मिटले. दातावर दात दाबून दोन्ही पाय निखाऱ्यांवर ठेवले.

चटका बसला नाही.

जागा चुकली की काय? त्याने डोळे उघडले. पाय निखाऱ्यांतच होते. तळव्याखाली कोळसा फुटल्याचा आवाज आला. त्याने पाय आणखी दाबले. मघाशी ज्या चटक्याला तो भीत होता, त्याचीच आता वाट पाहू लागला. देवा, भाजू दे. जरा तरी भाजू दे. भाजलं तर नसा जित्या आहेत. मग बाकीचंही परत येईल. कपाळावरून घाम ओघळला. पाय मात्र दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे गप्प होते.

"घे शपथ!"

"बाहेर बाई नाही," देऊ म्हणाला.

"खरा! जावय खरा निघाला!" सासऱ्याने त्याला हाताला धरून बाहेर ओढलं.

"हूं नाय की चूं नाय," सोनू म्हणाला. आता तो हसत नव्हता.

सासूने पाण्याचा तांब्या आणला. येसू पाय धुवायला खाली बसली. महिन्याभरात पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला होता. तिने पाणी ओतलं, तळवा हातात घेतला आणि ती थांबली. तळव्याचं कातडं तिच्या बोटांबरोबर निघून आलं होतं.

"अवो, हे दुखत नाय तुम्हाला?"

"नाही."

येसूने वर पाहिलं.

"कधीपासनं?"

देऊला पळून जावंसं वाटलं. पण पाय तिच्या हातात होते.

"तुझ्याजवळ यायला भितोय, तेव्हापासनं."