नऊ नंबरचा डबा

“हिच्या शेजारी मी बसणार नाही,” सासूबाई तिकीट खिडकीसमोरच म्हणाल्या.

मुलाने मागच्या रांगेकडे ओशाळून पाहिलं. “आई, अर्ध्या दिवसाचा तर प्रवास. एवढं सोस.”

“चार महिने सोसलंच की. आता जाता जाता तरी सुखाने जाऊ दे.”

सून दोघांच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभी होती. या देशात येऊन तिला दोन वर्षं झाली होती, पण इथली भाषा तिला येत नव्हती. नवऱ्याने तिला शिकवणीला कधी जाऊ दिलंच नव्हतं.

सासूबाईंचं परतीचं विमान राजधानीतून होतं. मोटारीत मळमळतं म्हणून त्यांनी रेल्वेचा हट्ट धरला होता. पोचवायला मुलगा आणि सून दोघंही निघाली होती, कारण बायकोला घरात एकटं ठेवायला मुलगा तयार नव्हता.

खिडकीमागच्या बाईने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि शेजारच्या तीन जागा दाखवल्या. सासूबाईंनी मान हलवली. भाषा कळली नाही तरी डब्यांचं चित्र त्यांना कळत होतं. त्यांनी काचेवर बोट टेकवलं.

“आपण दोघं इथे, तीन नंबरात. ही इथे, नवात.”

“एवढ्या लांब?”

“लांबच बरी. दिवसभर हिचं सुतकी तोंड समोर नको मला.”

“आणि वाटेत उतरली कुठे तर?”

“उतरून जाणार कुठे? भाषा येत नाही, कोणी ओळखीचं नाही. एक भाऊ आहे बंदराच्या गावी, त्याला तर तू उंबरठ्यावरून परत पाठवलंस. बरं केलंस.”

मुलगा हसला. आईचं हे बोलणं त्याला आवडायचं.

बाईने नवव्या डब्याबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली. मुलाने हात वर करून तिला थांबवलं. “समजलं. लांब आहे, माहीत आहे. तिकिटं द्या.” एरवी तो मोटार सोडून कशाने फिरत नसे, पण कोणी काही समजावून सांगितलेलं त्याला खपत नसे.

निघायच्या दिवशी सकाळी सुनेने अर्ध्या बाह्यांचा सदरा घातला होता. सासूबाईंनी तिला दारातून मागे फिरवलं.

“पूर्ण बाह्यांचं घाल काहीतरी. चारचौघांत दंड दाखवत फिरायचंय का?”

दंडावरचे डाग हिरवट पडत आले होते. सून मुकाट्याने कपडे बदलून आली. मुलगा बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

“आणि तो जाड कोट घे. वाटेत थंडी वाजते म्हणून रडत आमच्याकडे यायचं नाही.”

फलाटावर मुलाने तिघांचे पासपोर्ट स्वतःच्या खिशात ठेवले. तिचा तर लग्नापासून त्याच्याकडेच असायचा.

“तपासनीस आला की एवढे डबे ओलांडत धावणार आहेस का?” सासूबाई म्हणाल्या. “दे तिचा तिच्याकडे. तिने हरवला तर ती आणि तिचं नशीब. मला वाटेत कटकट नको.”

तो घुटमळला. मग त्याने पासपोर्ट आणि तिकीट बायकोच्या हातात कोंबलं. “हरवून बघ,” तो हळूच म्हणाला.

सासूबाई स्वतः तिला नवव्या डब्यापर्यंत सोडायला गेल्या. तिला जागेवर बसवलं आणि दारातल्या लोकांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, “गाडी कितीही वेळ थांबू दे, लोक उतरोत नाहीतर चढोत, आम्ही बोलावल्याशिवाय इथून हलायचं नाही. कळलं?”

सुनेने मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूबाई मागे न बघता उतरल्या.

गाडी सुटली. मुलगा खिडकीशी बसून फोन चाळत राहिला. दुपारी एका मोठ्या जंक्शनवर गाडी बराच वेळ थांबली. ध्वनिक्षेपकावर काहीतरी सूचना सुरू झाली, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

“तुझे वडील असेच होते,” त्या म्हणाल्या.

“आता त्यांचं काय मध्येच?”

“आठवण झाली. तू अगदी त्यांच्यावर गेलास. चालणं तेच, हात तोच.”

“आई, लोक बघतायत. गप्प बस.”

त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या लग्नाचं, सासरचं, मिटल्या तोंडाने काढलेल्या वर्षांचं बोलत राहिल्या. त्याने वैतागून फोन बाजूला ठेवला आणि त्यांना गप्प करण्यात गुंतला. डब्याला एक बारीक हिसका बसला. थोड्या वेळाने गाडी पुन्हा चालू लागली.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि त्या पाणी प्यायल्या.

“बघून येतो तिला,” मुलगा म्हणाला.

“जा.”

तो चौथा डबा ओलांडून गेला, मग पाचवा. पाचव्याच्या टोकाला दार बंद होतं. काचेपलीकडे डबा नव्हता. नुसते रूळ मागे मागे पळत होते.

तिथे उभ्या असलेल्या तपासनीसाचा त्याने दंड धरला. तपासनीसाने आधी स्वतःचा हात सोडवून घेतला. मग म्हणाला, “जंक्शनला या गाडीचे दोन भाग होतात. मागचे डबे बंदराकडे जातात. घोषणा ऐकली नाहीत का?”

तो धडपडत परत आला. चेहरा लालबुंद झाला होता. सासूबाई हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या.

“आई, ती तिकडे गेली. बंदराकडे.”

“हो,” त्या म्हणाल्या. “भाऊ उतरवून घेईल तिला. तिकिटं काढायच्या आधीच फोन केला मी त्याला. डबाही त्यानेच सांगितला.”