ठोंब्याचा आनंद

मित्र घरी आले की दादा बिस्किटांचा डबा खुळखुळवायचा. घरातला कुत्रा, ठोंब्या, शेपटी हलवत धावत यायचा आणि डब्यापाशी पोहोचण्याआधीच पाय गळून पोत्यासारखा कोसळायचा. मित्र हसून हसून लोळायचे. त्या दिवशी पडताना त्याची हनुवटी फरशीवर आपटून रक्त आलं, तेव्हा मात्र धाकट्या बहिणीचं डोकंच फिरलं.

"लाज वाटते का रे, दादा? झोपेचा आजार आहे त्याला. फार आनंद झाला की त्याच्या अंगातली ताकदच जाते. पण पडलेला असला तरी जागा असतो तो. तुमचं खिदळणं सगळं ऐकत असतो."

"अगं, मग मी त्याला आनंदच देतोय ना!" दादा म्हणाला. मित्र पुन्हा खिदळले.

पुढच्या रविवारी दादानं नव्या मंडळींसमोर डबा खुळखुळवला. ठोंब्या आला आणि दादासमोर नुसता उभा राहिला. शेपटी हलली नाही, पायही वाकले नाहीत. दादानं डबा त्याच्या नाकापाशी नेला. ठोंब्यानं तोंड फिरवलं.

"घ्या! हिच्या डॉक्टरच्या गोळ्या लागू पडल्या," दादा वैतागून म्हणाला. "सगळी मजाच घालवली."

"गोळ्या आजच आणल्यात," ती म्हणाली. "अजून एकही दिलेली नाही."