उंच गाडी

“अम्मी, नुसती बसून तर बघ!” अमरीनने लाल गाडीचं दार उघडून धरलं, आणि झुबेदा बसली. आधी कंबर टेकवली, मग एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात लागला नाही.

“बघितलंत, अब्बा? बसलीपण!”

रत्नागिरीजवळच्या कुवारबावच्या त्या आवारात जुन्या गाड्या पुष्कळ होत्या, पण विजेवरच्या दोनच. ही लाल, छोटी आणि बुटकी. शेजारची पांढरी, उंच आणि रुंद. सोमवारी अमरीनच्या अब्बांना, कमालला, परत बोटीवर रुजू व्हायचं होतं, त्याआधी दोन्हींतली एक ठरवायची होती. झुबेदाला दिवसाआड नाटे गावाहून रत्नागिरीला डायलिसिसला यावं लागे आणि एसटीचे धक्के आता तिला सोसत नव्हते.

“काकी, पांढरी घ्या,” गाड्या विकणारा विनीत म्हणाला. “पावसात रस्त्यातल्या मोरीवर पाणी आलं तरी तुमची खेप चुकायची नाय. लाल काय, बेडकीसारखी जमिनीला टेकलेली.”

“बेडकी तर बेडकी!” अमरीन स्टिअरिंगच्या चाकामागे बसलीसुद्धा. लायसन्स हातात पडून महिनाही झाला नव्हता. चुलतभावाने, फुजैलने, गावाबाहेरच्या मोकळ्या सड्यावर शिकवलं होतं. तिने आईला शेजारी घेऊन आवाराला झोकात फेरी मारली. मग दुसरी. “आवाजच नाही गो अम्मी! चालू आहे की बंद, कळतच नाही!”

“चालू आहे, चालू आहे,” विनीत हसला. “जरा माझ्या गाड्या सांभाळून!”

“कशी वाटते?” कमालने खिडकीशी वाकून विचारलं.

“पाळण्यात बसल्यागत,” झुबेदा म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसत होती.

मग अमरीन एकटीच पांढऱ्या गाडीत चढली. सीट पुढे ओढून ओढून संपली, तरी तिची हनुवटी जेमतेम चाकाच्या वर आली. मागे घेताना पत्र्याचं पिंप आडवं झालं. धडाम्! कोपऱ्यातलं मांजर भिंतीवर.

अमरीन खाली उतरली. “हिचं नाक कुठे संपतं तेच दिसत नाही. अब्बा, ही मला नाही जमणार. शप्पथ.”

“मग लालच ठरली,” कमाल म्हणाला. “फुजैल काय, दोन्ही चालवील.”

“फुजैल कशाला? मी आहे ना! मीच नेणार, मीच आणणार. अम्मीच्या पलंगाशी बसून अभ्यास करीन. मुंबईचं कॉलेज काय, पुढच्या वर्षी पण तिथेच असेल.”

हे तिने अगदी सहज म्हटलं, जत्रा राहिली तर राहिली म्हणावं तसं. त्या कॉलेजात नाव लागल्याचा मेसेज आला, तेव्हा झुबेदा मोहल्ल्यातल्या दर घरी स्वतःच्या पायांनी पेढे घेऊन गेली होती. वाटेत दोनदा दगडी गडग्यावर टेकावं लागलं होतं.

झुबेदा लाल गाडीतून उतरली. “मला ती बघू दे.”

“ती कशाला? ठरली ना ही!”

पांढरीची पायरी तिच्या गुडघ्याशी येत होती. कमाल आधार द्यायला पुढे झाला, तोवर तिने दाराजवळची मूठ पकडली होती. डाव्या हाताने. त्या हाताच्या शिरेतूनच डायलिसिसच्या सुया जात. त्याने वजन उचलायचं नाही, त्यावर रेलायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज सकाळी अमरीन त्या शिरेवर दोन बोटं ठेवून बघायची. आत रक्त वाहतंय याची बारीक थरथर लागली की ओरडायची, “चालू आहे!” झुबेदा म्हणायची, “मग चहा टाक.”

त्याच हाताने लोंबकळून झुबेदा वर गेली.

“अम्मी! तो हात!”

सीटवर बसल्यावर तिने श्वास जमेपर्यंत डोळे मिटले. मग ओढणीने ओठांवरचा घाम टिपला.

“ऐसपैस आहे,” ती म्हणाली. “हीच घ्या.”

“अगो, तुला चढवत नाही हिच्यात!” कमाल म्हणाला.

“फुजैल खाली पाट ठेवील. होईल सवय.”

“आणि लाल?” अमरीनचा आवाज चढला. “आताच तर पाळणा म्हणालीस!”

“बुटक्या गाडीत मला गुदमरतं.”

“खोटं!”

झुबेदाने नवऱ्याकडे बघितलं. कमालने एकदा लाल गाडीकडे, एकदा पोरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“पांढरीचे कागद काढ,” तो विनीतला म्हणाला.

“मी हीपण शिकेन!” अमरीन म्हणाली. “सोमवारच्या आत शिकेन. ते पिंप तेवढं बाजूला करा!”

“शीक ना गो बाय,” झुबेदा म्हणाली. “दिवाळीच्या सुट्टीत घरी येशील, तेव्हा शीक.”

अमरीन उंच दाराशी गेली. आईचा डावा हात मांडीवर पडला होता. तिने टाचा उचलून वर हात पोचवला आणि शिरेवर दोन बोटं ठेवली. विनीतने पलीकडून गाडी सुरू केली. एसीचा गार वारा तेवढा आला, आवाज नाही.

“चालू आहे ना?” झुबेदाने विचारलं.

अमरीनने मान डोलावली. बोटं मात्र काढली नाहीत.