राउटरमधलं सहावं नाव

सुनेचा नवा लॅपटॉप जोडला आणि राउटरने पुन्हा मान टाकली. सकाळपासूनची ही चौथी वेळ. सगळे दिवे विझले, मग एकेक करून लागले. लॅपटॉप जोडला की परत तेच.

सुनेने घड्याळ पाहिलं. नवी नोकरी, आजपासून घरून काम, अकराला पहिली हजेरी. सव्वादहा वाजून गेले होते. शेवटी तिने धीर करून नेटवाल्याला बोलावलं. धीर करून अशासाठी, की सासरे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. घरातल्या तारांना परक्याने हात लावलेला त्यांना मुळीच खपत नसे.

नेटवाला टक्कल पडलेला, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. त्याने पाच मिनिटांत दुखणं ओळखलं.

"डबा जुना आहे. सहाच नावं धरतो. सातवं आलं की गोंधळतो आणि बंद पडतो. पण इथे प्रत्येकाची जागा हाताने बांधून ठेवलीय, फोन घरात नसला तरी ती अडलेलीच. कुणी केलं हे?"

"मी," सासरे ताठ बसत म्हणाले. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक घराला आपला नंबर असे. घरातही तशीच शिस्त हवी, हा त्यांचा खाक्या.

"नवा डबा परवा मिळेल. तोवर एक नाव काढू." नेटवाला यादी वाचू लागला. सासरे, सासूबाई, मुलगा, सून, मुलाचा लॅपटॉप. "आणि ही ठकी कोण?"

ठकी म्हणजे घरातली धाकटी लेक. चार वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, आणि या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं बापाने तिला बजावलं. तिचं नावसुद्धा कुणी घ्यायचं नाही, असा हुकूम होता. सुनेने तर नणंदेला अजून पाहिलंही नव्हतं. आणि हुकूम सोडणाऱ्यानेच ते नाव इथे जपून ठेवलं होतं. सुनेला एकदम सासऱ्यांची दया आली.

"हेच काढतो," नेटवाला म्हणाला.

"नको." सासऱ्यांचा आवाज चिरकला. "माझा फोन काढा. मला कुठे काय बघायचं असतं."

"वापरातलं कशाला काढायचं, काका? बिनवापराचं पडून असेल ते..." त्याने राउटरमधल्या नोंदी उघडल्या. त्या सासऱ्यांनीच हौसेने सुरू केलेल्या. पण अलीकडे बारीक अक्षर दिसत नाही म्हणून वाचायच्या राहून गेलेल्या. "अरेच्चा, हाही फोन वापरात आहे की! दर मंगळवारी जोडला जातो. तीन ते साडेपाच. एक मंगळवार चुकलेला नाही."

मंगळवारी तीनला सासरे जुन्या सहकाऱ्याकडे बुद्धिबळ खेळायला जात आणि सहाच्या आत परतत नसत. मुलगा आणि, कालपर्यंत, सूनही आपापल्या ऑफिसात. घरात उरत त्या एकट्या सासूबाई.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक पडलेला. हातातलं कोरडं ताट पुसतच राहिल्या होत्या. सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांचा राग तिला आठ महिन्यांत चांगलाच ठाऊक झाला होता.

"मी सांगितलं ना, माझा काढा," सासरे एवढंच म्हणाले.

नेटवाल्याने मुकाट्याने त्यांचा फोन काढला आणि सुनेचा लॅपटॉप जोडला. या वेळी दिवे विझले नाहीत. सासरे बराच वेळ त्या दिव्यांकडे पाहत बसले. मग घसा खाकरून, बायकोकडे न बघता म्हणाले,

"भर उन्हात कशाला बोलावतेस पोरीला? संध्याकाळी येत जा म्हणावं. मी घरी असतो."